धानीबाईच्या भिंतीवरचे आरसे

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गावच्या सुशोभीकरण समितीने धानीबाईच्या भिंतीवर गुलाबी ऑइलपेंट फासला.

बुधवारी धानीबाई गेली.

रंगाने माणूस मरत नाही. तिने ऐंशी ओलांडली होती. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी मला खोटं बोलायला शिकवलं नाही, म्हणून हे आधीच सांगते.

पण शेवटचे दोन दिवस ती बाजेवरून त्या गुलाबी भिंतीकडे बघत होती. हेही खरंच आहे, तेव्हा तेही लिहिणार.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कनेरगाव नाक्याला पोस्टात होते. जवळच्या बंजारा तांड्यातली धानीबाई सासरी गेलेल्या मुलींना पत्रं लिहून घ्यायला माझ्या काउंटरवर यायची. हातभर बांगड्या, आणि आवाज असा की आतला पोस्टमन दचकायचा.

एका श्रावणात म्हणाली, "बाई, नुसती पत्रं काहून लिहिता? तीजेला या. लेकी बघा."

गेले. तीज म्हणजे लग्न न झालेल्या पोरींचा सण. पोरी गव्हाच्या हिरव्या रोपांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचत होत्या. पाणी प्यायला धानीबाईच्या दारासमोरच्या हौदाकडे वळले, आणि ती भिंत दिसली.

सिमेंटमध्ये दाबलेले गोल आरसे, फुटक्या बांगड्या, कवड्या. त्यांच्या ओढणीवर असते तशीच नक्षी, पण भिंतभर. उन्हात अख्खी भिंत हलत होती.

शाळेत आर्टच्या तासाला परदेशी चर्चमधल्या रंगीत काचांचे फोटो पाहून आम्ही उसासे टाकायचो. आणि हे माझ्या पोस्टापासून दोन किलोमीटरवर!

मी काय केलं? एका आरशात बघून केसांची पिन नीट केली.

मागे पोरी फिसकन हसल्या. धानीबाई खेकसली, "बाई! तो सुमीचा आरसा हाय. बघितलं तर नाव घ्या!"

तेव्हा कळलं. तांड्यातली प्रत्येक मुलगी लग्नाआधीच्या शेवटच्या तीजेला तिथे एक आरसा लावायची. धानीबाई सिमेंट कालवायची, मुलगी अंगठ्याने आरसा दाबायची. पुढे त्यात जो बघेल, त्याने तिचं नाव घ्यायचं.

"फार जुनी रीत दिसते," मी म्हटलं.

"जुनी कशाची? मीच काढली. पोरगी गेली की घरात तिचं काईच राहत न्हाई. म्हनलं, भिंतीत तरी राहू दे."

मी हळूच म्हटलं, "सुमी."

"मोठ्यानं! ती वाशिमात हाय."

पुढे बदली झाली, रिटायर झाले, पण तीज चुकवली नाही. एक्केचाळीस आरसे झाले. एक्केचाळीस नावं मला पाठ आहेत.

मंगळवारी सुशोभीकरण समितीच्या सचिवांना फोन केला.

"मॅडम, जुन्या काचा होत्या. लेकराबाळांना लागलं असतं."

"आजवर किती लेकरांना लागलं?"

"तसं न्हाई..."

"मग कसं?"

"तिथं आर्टिस्ट बोलावून मस्त मोर काढून घेऊन राहिलो ना आमी."

"तिथे आर्ट होतंच."

"ते व्हय? ते तर बायांनी केलेलं."

वाक्य जसंच्या तसं लिहिलंय. नाकारायचं असेल तर खाली कमेंटमध्ये नाकारा.

धानीबाई, आज गच्चीत उभी राहून तुझं नाव घेतलं. मोठ्याने. समोरच्या बिल्डिंगमधले लोक खिडकीत आले. येऊ देत. सुखाने जा.

आता समितीसाठी. पत्र रजिस्टरने पाठवलंय. आयुष्य पोस्टात गेलं, पोचपावती जपून ठेवायची कशी ते मला शिकवू नका.

रंग कधी खरवडणार, याचं उत्तर येत्या सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांच्या आत हवंय. लेखी. खरवडताना एक आरसा फुटता कामा नये. मोर दुसरीकडे नाचवा.

आणि त्याच कागदावर, तुम्ही झाकलेली एक्केचाळीस नावं लिहून द्या.

माहीत नसतील तर तांड्यात घरोघर जाऊन विचारा.

मोठ्यानं.