डावीकडे ओढणारी गाडी

गाडी घेताना दलाल म्हणाला, "मालक गेले, म्हणून काढायची हाय." मला वाटलं, पुण्याला गेले. आमच्याकडे जरा बरे दिवस आले की माणूस पुण्यालाच जातो. बीड ते शाळा रोजचं अपडाऊन करून दुचाकीवर माझ्या कंबरेचा खुळखुळा झाला होता. उंच, पांढरी, काळ्या काचांची एसयूव्ही आवाक्यात आल्यावर मास्तर माणूस जास्त चौकशा करत नाही.

आज इतकी वर्षं झाली, इंजिनाने कधी दगा दिला नाही. क्लच बदलला, टायर बदलले, एसी दर उन्हाळ्यात रुसतो, तेवढंच. खोडी दोन. एक, आधीच्या मालकाने हौसेने बसवलेला हॉर्न, जो शेवटी उचकी लागल्यासारखा वाजतो. दुसरी खोड अशी की गाडी डावीकडे ओढायची. तीही सगळीकडे नाही, तलवाड्याच्या अलीकडच्या एका वळणावर. अलाइनमेंट करून आणली, तरी तेच. मिस्त्री म्हणाला, रस्त्यालाच उतार असेल. असेल बुवा. पण शेजारच्या मास्तरांची गाडी त्याच वळणावरून नाकासमोर जायची.

रस्त्याने लोक हात वर करून रामराम घालत. मला नाही, गाडीला. सुरुवातीला मी चिडायचो, मग हळूहळू माझाही हात वर व्हायला लागला. एकदा मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो, तर न मागता बिनसाखरेचा चहा समोर आला. गाडी बघून पाठवला म्हणे. मी चहात दोन चमचे साखर जास्तच घेणारा. तरी तो चहा मी मुकाट्याने संपवला, आणि संपवल्यावर भ्यालो.

त्या वळणावर पुढचं काही दिसत नाही, हॉर्न द्यावाच लागतो. हॉर्न वाजला की डावीकडच्या शेतातल्या घराचं लोखंडी फाटक उघडायचं. एक म्हातारी बाहेर यायची. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून घरी आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात, तसा. मी पुढे निघून जायचो. आरशात ती तशीच उभी असायची.

एक दिवस शेजारचे मास्तर माझ्यासोबत होते. फाटक उघडलं तसे ते म्हणाले, "सर, ही तुमच्या गाडीच्या मालकाची आई."

"मालक पुण्याला असतात ना?"

"कुठलं पुणं! मालक गेले की. काविळीनं गेले. लई मोठं प्रस्थ होतं."

म्हणजे दलाल खोटं बोलला नव्हता, मीच 'गेले'चा सोयीचा अर्थ घेतला होता. घरी सांगितलं तर बायको भडकली. "ती माउली रोज लेकाची वाट बघते आणि तुम्ही हॉर्न मारून पुढे जाता? एकदा थांबा, पाया पडा, सांगून टाका. नाहीतर ती गाडी फुंकून टाका."

पुढचे काही दिवस हॉर्न न देता गेलो. तरी फाटक उघडायचंच.

मग एका दुपारी, शाळेतून परतताना, वळणावर गाडी ओढू लागली आणि मी अडवली नाही. ती आपणहून फाटकात शिरली. अंगणात लिंबाखाली गाडीच्या तेलाचा जुना काळा डाग होता. गाडी बरोबर त्याच्यावर उभी राहिली.

मी उतरलो. म्हातारीने मला नीट पाहिलं. तुकडा ओवाळला नाही.

"आई, मी मास्तर. ही गाडी आता..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "इकली तवाच ठावं हाय. त्याला अग्नी दिला तवा मी हितंच हुते."

"मग रोज फाटक...?"

"गाडी फुडं जायची. काळ्या काचा, आत कोन हाय ते दिसत न्हाई. मी म्हनायचे, घाईत हाय, येईल माघारी येताना." तिने तांब्या खाली ठेवला. "तू कावून थांबलास रे बाबा? थांबला न्हाईस तवर त्योच व्हता. आता तू उतरलास."

लाज वाटली, रडूही आलं. पाया पडलो आणि सवयीने म्हणालो, "येतो, आई."

"न्हाई," ती म्हणाली. "येतो म्हनू नगं. जातो म्हन."

आमच्याकडे कुणी कुणाच्या दारातून असं निघत नाही. जातो म्हणायचं ते मेलेल्याने. पण ती माझ्याकडे बघत नव्हतीच. ती गाडीकडे बघत होती.

"जातो," मी म्हणालो.

तिने तुकडा गाडीवरून ओवाळला आणि लांब फेकला. मी बाहेर पडल्यावर फाटक लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वळणावर हॉर्न दिला. फाटक उघडलं नाही. मी स्टीअरिंगवरचे हात सैल सोडले. गाडी सरळ गेली.