पुराची रेघ

पूर्णा गावात नदीचं पाणी मोजणारा तो माणूस मला एकदाच भेटला. भिजलेली बोटं धोतराला पुसल्याशिवाय तो चौकटीच्या कागदाला हात लावत नव्हता. दुपारी दोनला पाणी सहा फूट होतं. तिथून दर अर्ध्या तासाला ठिपका देत त्याने रेघ ओढली होती.

चार वाजता पाणी आठ फुटांवर आलं. आमचा उंबरा बारा फुटांच्या पातळीवर आणि घरात वडील अंथरुणाला खिळलेले. रेघ दोन चौकटी आडवी गेली की एक चौकट चढत होती.

"तासाला अर्धा फूट," मी म्हणालो. "मध्यरात्रीपर्यंत वेळ आहे. जेवणं उरकून वडिलांना हलवतो."

"मालक, नुसत्या चौकटी मोजू नका. आडवी चौकट अर्ध्या तासाची हाय, उभी फुटाची. तासाला अख्खा फूट चढायलंय. सहा फूट, अन् दोनपासून जितके तास तितके फूट. रेघ अशीच गेली तर आठला तुमच्या उंबऱ्याला लागंल. जल्दी गाडी जुंपा."

निघताना मी विचारलं, "तुमचं घर?"

"दहा फुटांवर. घरी सांगावा धाडलाय." साडेचारच्या ठिपक्यासाठी तो पुन्हा बोटं पुसू लागला.

दहातून सहा गेले, चार. दोनात चार मिळवले, सहा. घराकडे पळताना माझ्या आठापेक्षा त्याचे सहाच मला जास्त भिववत होते.