उभ्या गाडीचा ड्रायव्हर

उमेदीची सगळी वर्षं कुवेतमध्ये ट्रेलर चालवून फारुक परकार दाभोळला परतला, तेव्हा आता खाडीकडे बघत नुसतं बसायचं असं त्याने ठरवलं होतं. थोडे दिवस बसला, मग त्याचे हात शिवशिवायला लागले. अशा वेळी कुवेतमध्येच असलेल्या अरशदने, म्हणजे त्याच्या पुतण्याने, पर्यटकांना फिरवण्यासाठी मोटारहोम घेतली. "चाचा, स्टिअरिंगवर तुम्हीच," असं तो फोनवर म्हणाला, आणि फारुक त्याच आठवड्यात चष्म्याचा नंबर तपासून आला.

गाडी आली, घरालगतच्या आवारात उभी राहिली आणि तिथेच राहिली. कागदपत्रं कुठल्याशा टेबलावर अडकली होती. ती सुटेपर्यंत चाक हलवायचं नाही, अशी अरशदची ताकीद. फारुकच्या वाट्याला आली ती फक्त टायरांची राखण.

प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हवर टोपणासारखा एक सेन्सर होता. तो हवेचा दाब गाडीतल्या डब्याला कळवी आणि डबा थेट अरशदच्या मोबाईलला. खाऱ्या वाऱ्याने सेन्सर गंजत, त्यांचे बटणाएवढे सेल उतरत, आणि दर वेळी कुवेतहून फोन येई.

फारुक पंप घेऊन उकिडवा बसला, की आवाराच्या दगडी गडग्यापलीकडून जाणारा दादू खांद्यावरचं जाळं सावरत हटकून थांबे.

"काय फारुकभाय, गाडी धावते कधी? का नुसती हवाच खाते?"

"तू तुझे मासे बघ जा."

पावसाळा सरल्यावर फारुकने सगळे सेन्सर काढले, पुसले, नवे सेल घातले आणि परत बसवले. टोपणं ती टोपणं, कुठलं कुठे बसतंय हे कोण बघतो? पण त्या दिवसापासून जीव मेटाकुटीला आला. डबा म्हणे, पुढच्या डाव्यात हवा कमी. भरली, की म्हणे मागच्या उजव्यात जास्त. तिथली सोडली, की पुढच्या डाव्यात आणखी कमी! पुढचा टायर दगडासारखा लागत होता, ट्रेलरवाल्या हाताला ते समजत होतं.

"मशीन खोटं बोलतं का चाचा?" अरशद विचारी.

फारुक परत पंप मारायला बसे. उलट बोललो आणि स्टिअरिंग दुसऱ्या कुणाला दिलं तर?

एका सकाळी मागचा उजवा टायर पार बसलेला दिसला, रिम जमिनीला टेकायच्या बेतात. डबा मात्र अजून तिथे हवा जास्तच सांगत होता. फारुकने पंप भिरकावला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर उपटून त्याने डबा पाहिला, तर शून्य उमटलं होतं मागच्या उजव्यापुढे. सेन्सरांची अदलाबदल झाली होती, आणि ती त्याच्याच हातून.

तेवढ्यात घरात फोन वाजला. त्याच्या बायकोने, जन्नतने, तो उचलला.

"चाची, मागच्या उजव्यात हवाच नाही! चाक चोरीला गेलं काय?"

जन्नत खिडकीतून डोकावली. "चाक जागच्या जागी आहे बाबा. तुझ्या चाचाचं डोकं तेवढं जागेवर नाही."

सेन्सर आपापल्या चाकावर गेले, पण बसलेला टायर बाजूने चिरला होता. दापोलीहून आलेल्या टायरवाल्याने बोट फिरवून मान हलवली. "हा गेला. बाकीचेही जातील. एकाच जागी दबून उभे आहेत. गाडी हलवत का नाही?"

फारुकने आपण होऊन अरशदला फोन लावला. "घोटाळा माझा. टायर गेला. पण बाकीचे वाचवायचे तर चाक फिरवायला हवं."

अरशदने आधी खात्री करून घेतली. "आवाराबाहेर नाही ना जाणार?"

"नाही."

"मग अर्धा फेरा, चाचा. फक्त अर्धा. पुढच्या महिन्यात परत बघू."

नवा टायर बसला. फारुक इस्त्रीचा सदरा घालून गाडीत चढला. आरसे नीट केले, पट्टा लावला, किल्ली फिरवली. चाकाचा अर्धा फेरा होईतो गाडी पुढे सरकली, आणि त्याने ब्रेक दाबला.

"पोचलात काय फारुकभाय?" गडग्यापलीकडून दादू ओरडला.

फारुकने इंजिन बंद केलं. जन्नतने चहाला हाक मारली, मग आणखी एक. तो तसाच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर.