पुलाच्या खांबातला शर्ट

नदीत मोठी बोट आली की आमच्या शहरातला जुना पूल मधोमध दुभंगतो आणि त्याचे दोन्ही भाग वर उचलले जातात. हे बघायला लांबून माणसं येतात. पिवळी टोपी घातलेला गाइड त्यांना कर्ण्यातून सांगतो, "आता गंमत ऐका! त्या डाव्या खांबात चक्क एक खोली आहे. पूर्वी पूल उचलणारा माणूस तिथे राहायचा. आता सगळं आपोआप. खोली रिकामी."

त्या वेळी त्या रिकाम्या खोलीत पूलकाका कांदा चिरत असायचे.

आपोआप म्हणजे पूलकाकाच. दांडा ओढणारे तेच, दातेरी चाकांना ग्रीस फासणारेही तेच. बायको गेल्यापासून खोलीत बोलायला ती चाकंच. खिडकीत कपडे वाळत घालायचे नाहीत, पुलाचा फोटो बिघडतो, असा ऑफिसचा हुकूम. त्यामुळे काकांच्या शर्टांना कायम दमट वास. त्याचंही काही नाही; पण कर्ण्यातलं ते 'रिकामी' रोज काट्यासारखं सलायचं.

एका सुट्टीला काका खाली उतरले आणि घोळक्यात शिरून म्हणाले, "अहो, तिथे मी राहतो."

"वा काका! मग मी या पुलाचा मालक!" गाइड म्हणाला.

सगळे हसले. काकाही हसले. अशा वेळी एकट्याने गंभीर राहिलं तर लोक डोक्यावर परिणाम झालाय म्हणतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम गुंडाळून ठेवला आणि निळा शर्ट धुऊन थेट खिडकीत टांगला. खाली एकदम शांतता. काकांना वाटलं, जमलं! पण गाइड जातीचा धंदेवाईक. "बघा, बघा! त्या जुन्या माणसाचं भूत अजून कपडे धुतंय!"

"अरे, जिवंत आहे मी!" काका ओरडले. वाऱ्यात शब्द गेले, दिसला तो फक्त शर्टामागून हलणारा हात. किंचाळ्या, मग टाळ्या. ऑफिसातले साहेबही फोटो काढून गेले.

संध्याकाळी गाइड जिने चढून धापा टाकत दारात उभा. गॅस, खाट, काका, सगळं पाहून त्याने टोपीच काढली.

"म्हणजे खरंच राहता?"

"चहा घेणार?"

गाइडने चहा संपवला. मग म्हणाला, "उद्या खरं सांगतो, शपथ. पण काका, जिवंत माणसाला बघायला कोण थांबतं?"

काका बराच वेळ रिकाम्या कपात चमचा फिरवत राहिले.

"आणि भुताला?"

"रोज गर्दी."

"मग उद्या कुठला घालू वाळत? निळा की चौकटीचा?"

आता दुपार झाली की काका शर्ट टांगून तयार असतात. परवा नेमका त्याच वेळी बहिणीचा फोन आला.

"दादा, एकटाच बसलायस ना? ये की इकडे."

"नंतर बोलू गं. खाली लोक थांबलेत."

"कुणासाठी?"

भूत म्हणायची काकांना लाज वाटली.

"आहे इथे एकजण," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर हात काढून हलवू लागले.