उष्मांकांचे चिंचोके

लग्नाआधी बारीक होण्यासाठी मी जे काही खाल्लं, त्यात एखाद्या बेताच्या कुटुंबाचा पावसाळा निघाला असता.

दिवस लढाईचे होते. साखर रेशनवर, रॉकेल रेशनवर, तांदूळ रेशनवर. अशा काळात आख्ख्या कर्जत तालुक्यात जाडेपणाची तक्रार असलेला बहुधा मी एकटाच. (तक्रार माझी नव्हती, माझ्याबद्दल होती.) खोपोलीच्या एका गिरणीत मी हिशेबाचा कारकून होतो, तोही हंगामी. कायम व्हायचं तर गिरणीच्या डॉक्टरांची सही लागे. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, काटा बिघडला असेल म्हणून स्वतः उभं राहून पाहिलं, आणि काट्याची काही चूक नाही अशी खात्री झाल्यावर म्हणाले, "शिमग्यापर्यंत वीस रत्तल वजन उतरवा. त्याशिवाय सही नाही."

सही नाही तर नोकरी कायम नाही, आणि नोकरी कायम नाही तर यमुना नाही. यमुना ही चौक गावच्या गणपतमामांची मुलगी. मामांचं मुंबई-पुणे रस्त्यावर मोटारींची पंक्चरं काढायचं दुकान होतं. साखरपुडा झालेला होता. पण मामा रोज फुटके टायर बघणारे, कुठल्याच गोष्टीवर त्यांचा पटकन विश्वास बसत नसे. नोकरी कायम झाली की तारीख धरू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं. साखरपुड्याला माझ्याखालचा पाट करकरला तेव्हा दोन्हीकडची मंडळी शरमेनं गप्प झाली आणि यमुना एकटी पदर तोंडाला लावून हसली. मला ती तेव्हापासून फार आवडत होती. शिमग्यापर्यंत मला वीस रत्तल उतरवायचंच होतं.

मी घरी येऊन हे सांगितलं आणि इथेच चुकलो. आमच्या घरात एखादी अडचण सांगितली, की ती अडचण राहते बाजूला आणि उपाय कुणाचा खरा यावर जुंपते.

थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, मुंबईला एका इस्पितळाच्या कोठीवर होते. रोग्यांना काय आणि किती द्यायचं, हे मोजून देण्यात त्यांचा जन्म चाललेला. उष्मांक हा शब्द आमच्या गावात त्यांनीच आणला. (गावाला तो देवीच्या लशीसारखा वाटला. कुणीच आपण होऊन घेतला नाही.) दाजींचं म्हणणं असं, की काय खाता याला काडीचं महत्त्व नाही, किती खाता हेच खरं. भजी खा, पेढा खा, नाहीतर पाला खा. एकूण उष्मांक ठरलेल्या आकड्याच्या आत राहिले म्हणजे झालं. दाजी स्वतः इतके काटकुळे होते, की त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावाच लागे.

आईला हे अजिबात पटलं नाही. तिच्या मते माणूस किती खातो यानं काही होत नाही, काय खातो यानं होतं. "रेशनचा कोंडा खाऊन मानूस फुगतो," ती म्हणाली. "घरचं सकस खाल्लं तर चरबी येईलच कुठून?" आई स्वतः चांगली भरलेली होती. पण त्याचं खापर तिनं रेशनवर फोडलं. रेशन सुरू होण्याआधीही ती तेवढीच होती, हे तिच्यासमोर बोलायची हिंमत आमच्यात कुणाचीच नव्हती.

शेवटी असं ठरलं, की मी दोघांचंही ऐकायचं. बारीक होण्याचे दोन रस्ते एकदम धरले तर दुप्पट वेगानं बारीक होईन, असा माझा हिशेब. मी गिरणीत हिशेबनीस होतो हे इथे मुद्दाम सांगतो.

लिहिण्या-वाचण्याची भानगड आईला जमेना, म्हणून दाजींनी युक्ती काढली. त्यांनी घरातले चिंचोके गोळा केले. रोज सकाळी एका वाटीत ठरावीक चिंचोके मला मिळायचे. भाकरी खाल्ली की इतके, भाताची मूद खाल्ली की इतके, असे मी ते मडक्यात परत टाकायचे. वाटी रिकामी झाली की त्या दिवसाचं तोंड बंद. दाजी शनिवारी गाडीनं यायचे, मडकं तपासायचे आणि माझ्या पोटाकडे असं पाहायचे, जणू ते कोठीतूनच चोरून आणलंय.

पद्धत झकास होती. पहिल्या सकाळी मी वाटी घेऊन स्टेशनवर गेलो, आणि खोपोलीची गाडी यायच्या आत सगळे चिंचोके भज्यांवर संपवले. दाजींच्या शास्त्रात भजी बसत होतीच! संध्याकाळी रिकाम्या वाटीनं घरी आलो, तर आईनं पुढ्यात हातसडीच्या तांदळाचा भात, साजूक तूप, वालाचं बिरडं आणि वर गूळ ठेवला. मी वाटी दाखवली.

"ते चिंचोके रेशनच्या खान्याला," आई म्हणाली. "हे घरचं हाय. ह्याला कसला आलाय हिशेब?"

मला तिचं म्हणणं शास्त्रशुद्ध वाटलं. तेव्हापासून वाईट खाल्लेलं मी दाजींच्या खात्यात मांडत गेलो आणि चांगलं खाल्लेलं आईच्या. दाजींच्या खात्यात मी कधी मर्यादा ओलांडली नाही. आईच्या खात्यात मर्यादाच नव्हती.

पुढे पुढे चिंचोके कमी भरू लागले. दाजींनी कसून चौकशी केली. निष्पन्न झालं ते असं, की दुपारी गिरणीत भूक लागली की मी खिशातले चिंचोके चहाच्या चुलीवर भाजून फोडून खात होतो. (भाजलेला चिंचोका चवीला उत्तम लागतो, मीठ लावलं तर अधिकच.) दाजींनी मडकं पुन्हा एकदा झटकून पाहिलं. त्यांच्या सबंध नोकरीत रोग्यानं औषध टाकलेलं त्यांनी पाहिलं होतं, मापच खाऊन टाकलेलं पाहिलं नव्हतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी कदाचित माझं वजन जागच्या जागी राहिलं असतं. पण थंडी पडली, वालाच्या शेंगा भरल्या आणि शेताशेतांतून पोपटी लागू लागली.

आमच्याकडे पोपटी म्हणजे काय, हे बाहेरच्याला थोडं सांगायला हवं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी, वांगी, रताळी, आणि यजमान खुशीत असला तर मसाला चोळलेली कोंबडी. मग पाल्यानंच तोंड बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती गवत-काटक्यांचा जाळ करायचा. तेलाचा थेंब नाही, पाण्याचा थेंब नाही. आई म्हणाली याहून चांगलं अन्न जगात नाही. म्हणजे तिच्या बाजूनं परवानगी मिळाली.

दाजींच्या बाजूचं काय? तर पोपटी हे आमच्यात जेवण समजतच नाहीत. चूल नाही, ताट नाही, पंगत नाही. शेतात उकिडवं बसायचं, गरम मडकं पाल्यावर उपडं करायचं आणि बोटं भाजत शेंगा सोलायच्या. पोपटी खाऊन आलेला माणूस घरी येऊन "जेवायला वाढ" म्हणतो आणि घरात कुणाला त्यात वावगं वाटत नाही. जे जेवणच नाही, त्याचे चिंचोके कुठले! शिवाय बोलावलेल्या पोपटीला न जाणं म्हणजे त्या शेतकऱ्याशी वैर. आमच्या गावात शेतं पुष्कळ होती आणि मला वैर कुणाशीच नको होतं.

एका शनिवारी दाजी स्टेशनवरून थेट बांधावर आले, तेव्हा मी तिसऱ्या अंड्यावर होतो. ते कडाडलेच. अंड्याचे उष्मांक, कोंबडीचे उष्मांक, रताळ्याचे उष्मांक असे ते उभ्या उभ्या मोजू लागले. शेताचे मालक हरीकाका भलते आदबशीर. त्यांनी दाजींना हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "जावायबापू, मोजा की. पन आदी खाऊन तर बगा, काय मोजायचं ते."

दाजींनी एक शेंग सोलली. मग कोंबडीचा एक तुकडा, निव्वळ अंदाज घेण्यासाठी. त्यांचा अंदाज बराच वेळ चालला. मडकं रिकामं झाल्यावर बोटं चाटत त्यांनी निकाल दिला, की मोकळ्या हवेत खाल्लेल्या अन्नाला उष्मांक कमी असावेत. त्यानंतर दाजी दर शनिवारी येताना धोतराऐवजी जुना लेंगा घालून येऊ लागले.

शिमगा आला. मी डॉक्टरांच्या काट्यावर उभा राहिलो. वजन सात रत्तलांनी वाढलेलं होतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी काय काय केलं ते विचारलं. मी मोजणीची बाजू सांगितली, दर्जाची बाजू सांगितली, पोपटीचा कायदा सांगितला. ते सगळं शांतपणे ऐकून ते म्हणाले की या दोन्ही पद्धती आजवर पुष्कळांना लागू पडल्यात, पण त्या दोहोंच्या मधून वाट काढणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला. सही त्यांनी केली नाही. पावसाळ्यात पुन्हा या, म्हणाले.

ही बातमी माझ्याआधी चौकला पोहोचली. गिरणीच्या लॉऱ्यांची चाकं मामांच्याच दुकानात दुरुस्तीला जात. दुसऱ्याच दिवशी मामा आमच्या अंगणात उभे राहिले, ग्रीसचे हात पुसत.  साखरपुड्याची साडी परत न्यायला सांगायला आलेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. मला यमुनेचं ते पदराआडचं हसू आठवलं आणि खरंच रडू यायला लागलं. त्या क्षणी कुणी चिंचोके दिले असते तरी मी खाल्ले नसते.

मामा ओटीवर टेकले. आईनं दिलेला गूळपाण्याचा तांब्या त्यांनी बाजूला सारला. "गिरनीतले लोक म्हंतात, पोराचं वजन वाढलं," ते म्हणाले. "खातो तरी काय ह्यो?"

मला वाचवायला दाजी सरसावले. कोठीवरचा माणूस; त्यांनी मडकं आणून चिंचोके ओतले आणि पै न पैचा जमाखर्च द्यावा तसं सांगितलं, की मुलगा दिवसभरात अमुक इतक्याच भाकऱ्या खातो, अमुक इतकाच भात, हा घ्या पुरावा. शेतातल्या शनिवारांबद्दल ते बोलले नाहीत. (स्वतःच आत असल्यावर माणूस साक्ष देत नाही.)

मामांनी चिंचोक्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून आमच्या माळ्याकडे पाहिलं, जिथे भाताच्या भरल्या कणग्या होत्या. 

"म्हंजे उपास करून वाडला," ते हळू आवाजात म्हणाले. "मुंबईला लोक रांगेत उबे राहून वाळतात. आन तुमच्या घरी पोरगा उपाशी ठेवला तरी वाडतो."

 मामांनी तांब्या उचलला आणि गूळपाणी एका दमात संपवलं.

"माजी पोर हितं उपाशी मरायची नाय," ते म्हणाले. "गिरनीची सही ऱ्हाऊ द्या. वैशाखातली तारीक धरा."

अशा रीतीनं ज्या चरबीनं लग्न मोडायचं, तिनंच ते लावलं. मांडवात दोन्हीकडची मंडळी माझ्याकडे खानदानी मालमत्तेकडे पाहावं तशी पाहत होती. यमुना पुन्हा हसली. या वेळी पदर आड नव्हता.

लग्नानंतर आम्ही खोपोलीला एक खोली घेतली. नोकरी अजून हंगामीच, त्यामुळे भाड्याची धास्ती मला आणि डॉक्टरांच्या सहीची धास्ती यमुनेला. मी आपल्यामुळे अडून राहिलोय, असं ती मनाला लावून घेई. पण सुगरण अशी, की तिच्या हातची पातळ भाजीसुद्धा अंगी लागायची. सही काही जवळ येत नव्हती.

मग आखाड लागला. नव्या नवरीनं पहिला आखाड सासरी काढायचा नसतो, म्हणून मामा येऊन तिला चौकला घेऊन गेले. निघताना दाराशी थांबून तिनं विचारलं, "भाकरी येते ना तुमाला थापता?"

"न यायला काय झालं," मी म्हटलं. शेजारच्या काकूंनी जेवायला बोलावलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. नवा नवरा होतो, ऐट होती.

मग मी रांधू लागलो. माझी भाकरी परातीतून निघाली तर तव्यापर्यंत पोहोचत नसे, आणि तव्यापर्यंत पोहोचली तर तिथून निघत नसे. भात एकाच वेळी कच्चा आणि करपलेला व्हायचा. हे कसं जमतं ते मला आजही सांगता येणार नाही. एकदा मी भाकरीचा तुकडा खिडकीबाहेर ठेवला. कावळा आला, त्यानं चोचीनं तो उलटवला, खालची बाजू पाहिली आणि ओरडतसुद्धा न बसता निघून गेला. मी मात्र खात होतो, कारण भाडं भरल्यावर भज्यांपुरतेही पैसे उरत नसत आणि दुसरं काही नव्हतं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं वाटे. तिसऱ्या घासाची इच्छा मला कधी झालीच नाही.

श्रावण तोंडावर आला तेव्हा माझं धोतर दोनदा गाठ मारूनही राहीना. मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काट्यावर उभं केलं, मग पुन्हा स्वतः उभं राहून पाहिलं, आणि खुर्चीत बसून दौत पुढे ओढली. वीस रत्तल उतरलं होतं, वर थोडं अधिकच. सही करता करता त्यांनी कुतूहलानं विचारलं, की अखेर खरं काय ठरलं, किती खायचं ते, की काय खायचं ते?

"अन्नाचा दर्जा, डॉक्टर," मी म्हटलं. "सगळं दर्जावरच आहे. हल्ली माझं मीच रांधतो."