फाईल समोर, तरी सापडत नाही

आर्वीच्या त्या अडत्याचा मला अजून राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

दोन हजार सालानंतरचे ते दिवस. शिक्षण संपवून मी व्यापाऱ्यांना संगणकाची कामं करून देऊ लागलो होतो. या अडत्याकडे कापूस-सोयाबीनच्या काट्याच्या पावत्या काढणारा प्रोग्राम मी पीएचपी या संगणकभाषेत लिहून बसवला, आणि वर्षभर तो बिनतक्रार चालला. पावत्यांची माहिती डेटाबेसमध्ये राहायची, आणि पीएचपीला त्या डेटाबेसशी बोलता यावं म्हणून मध्ये एक ड्रायव्हर होता. हे माझं पहिलंच मोठं काम. रोहण्याचा एक व्यापारीही मला असंच काम देणार होता, पण आधी आर्वीच्या अडत्याला विचारीन म्हणाला होता. म्हणजे माझा धंदा उभा राहतो की नाही, हे या एका माणसाच्या जिभेवर होतं.

दिवाळी झाली आणि कापूस खरेदीच्या मुहूर्ताला संगणकाला हार घातला, नारळ फुटला, पण पावती निघेना. अडत्याचा फोन आला तसा मी मिळेल त्या एस.टी.ने आर्वी गाठली. पडद्यावर एकच वाक्य होतं : ड्रायव्हरची फाईल सापडत नाही.

फाईल तर डोळ्यांसमोर होती. नाव तेच, जागा तीच. सेटिंगमधला पत्ता तपासला, तोही बरोबर. सीडीवरून फाईल पुन्हा टाकली, सर्व्हर बंद करून चालू केला. तेच वाक्य. मी विचारलं, संगणकाला कोणी हात लावला होता का?

अडत्या गादीवर लोडाला टेकून होता. अख्ख्या आवाराला ऐकू जावं अशा बेताने तो म्हणाला, "कोनी नाई लावला. नाचता येईना अंगन वाकडं. तुले येत नसन तं सांग, नागपूरचा मानूस बलावतो."

कापूस घेऊन आलेल्या बैलबंड्यांवरचे लोक हसले. दिवाणजी हाताने पावत्या लिहू लागले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी आंजीचा एक व्यापारी भेटायला आला. अडत्याने त्याला चहा पाजला, दुकानाला दिलेला नवा रंग दाखवला आणि दिवाळीच्या सफाईचं कौतुक सुरू केलं. माळा झाडला, फुटके डबे काढले. मग तो म्हणाला, "यंदा तं कंपूटरचीबी सफाई केली. सालभर ज्या फाईलले कोनी हात लावला नाई, ते समदं फेकून देल्लं. मी सोता बसलो."

मी खुर्चीवरून उठलोच. त्या ड्रायव्हरला आणखी एक फाईल लागते. ती मी बसवतानाच सिस्टमच्या फोल्डरात टाकली होती, आणि पुढे तिच्याकडे बघायची कधी गरजच पडली नव्हती; संगणक ती रोज वाचायचा, पण तिच्यावरची तारीख जुनीच राहिली होती. आपल्या स्वतःच्या फायली संगणकाने अडत्याला पुसू दिल्या नसतील, माझी मात्र निमूट जाऊ दिली. आणि ती दुसरी नसली की संगणक खडे फोडतो पहिलीच्या नावाने. चोर सोडून संन्याशाला फाशी. सीडीवरून ती एक फाईल टाकली, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि पावती निघाली.

मी अडत्याला सांगितलं की बिघाड तुमच्या सफाईमुळे झाला, आणि सकाळी जे चारचौघांत बोललात ते आता चारचौघांतच मागे घ्या. तो छापील पावती बंडीवाल्याच्या हातात देत म्हणाला, "कामाची फाईल असती तं सालभरात एकदा तरी कामी पडली असती ना."

पाठ फिरवून मी डेपोवर आलो.

रोहण्याच्या व्यापाऱ्याचा निरोप येईना, तेव्हा आठवड्याभराने मीच त्याच्या घरी गेलो. त्याने बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. कामाबद्दल मात्र अवघडून इकडेतिकडे बोलत राहिला. मी खोदून विचारलं तेव्हा त्याने आर्वीचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं : "पोट्टा हुशार हाये, पन त्याचं काम दिवाळीवरीच टिकते."