तारेने बांधलेला वॉल्व्ह

फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर उघडत होतो. राइस मिलच्या बॉयलरची भट्टी सांभाळणारा फायरमन सुकलाल एवढंच म्हणाला, "बॉयलर फुटला भाऊ. मॅनेजरसाहेब गेले…" मॅनेजर म्हणजे माझा मावसभाऊ, प्रकाशदादा. लालबर्रा रस्त्यावरच्या मिलमध्ये पोचलो तर भिंत आडवी झालेली, पत्रे शेतात उडालेले. दादाला आम्ही घड्याळावरून ओळखलं.

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान वाफवावं लागतं. बॉयलरमध्ये वाफ जास्त झाली की वॉल्व्ह मोठ्याने आवाज करत ती बाहेर सोडतो. हंगामात घाई झाली की काही जण तो तारेने बांधून ठेवतात. वाफ वाया जात नाही, धान लवकर निघतं. दादा मॅनेजर झाला त्याच हंगामात मालकाच्या पुतण्याने तशी तार बांधली. दादाने भट्टीतला जळता कोंडा ओढून काढायला लावला आणि सगळ्यांसमोर तार कापली. "तू मैनेजर है कि मालिक?" म्हणत पुतण्याने लोखंडी सळी हाणली. दादाचं मनगट मोडलं. "मॅनेजर आहो, म्हणूनच कापली," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टर घालून कामावर हजर झाला. त्यानंतर तपासणीचे साहेब येवोत न येवोत, तिथे तार दिसली नाही. दादा मधेच "पळा!" ओरडायचा आणि सगळे हातातलं टाकून बांधापर्यंत पळायचे, सराव म्हणून. मी चिडवायचो, "मिल चालवतो का पीटीचा तास घेतो?" तो म्हणायचा, "पयले पळा, मंग इचारा."

परसवाड्याला लग्नाला म्हणून दादा गेला आणि मिलमधला कायदाही जणू सुट्टीवर गेला. पुतण्याने पुन्हा तार बांधली. सुकलाल नको म्हणाला, तर त्याला थोबाडीत बसली. दादा परतला तो फाटकातच थबकला. "वॉल्व्ह बोलून काहून नाही राह्यला रे?" मग ओरडला, "पळा!" कोणी काही विचारलं नाही. सगळे पळाले, पुतण्यासुद्धा. दादाने सुकलालला बाहेर ढकललं आणि स्वतः विस्तव ओढायला भट्टीकडे वळला… स्फोटानंतर मजुरांनी पुतण्याला बांधावरच रक्त येईस्तोवर तुडवलं. पोलिसांनी सोडवला म्हणून वाचला.

परवा मिलचे लोक दादाच्या घरी आले. वहिनींनी जेवायला बसवलं. आत कुकर नुसता फुसफुसत होता, शिटी काही होईना. सुकलाल घास टाकून उठला, दारापर्यंत गेला… तेवढ्यात शिटी झाली.

वहिनी आतून म्हणाल्या, "वाजली ना भाऊ? बसा आता. जेवा."